पेसमेकरची वायर काढायची आहे: पात्रता, कागदपत्रे आणि कोकणातून अर्ज

पेसमेकरची पेटी (बॅटरी) बसवलेल्या जागी कातडी लाल-पातळ झाली, पू आला किंवा पेटीची कड बाहेर डोकावू लागली, तर ड्रेसिंग आणि गोळ्यांनी भागत नाही. जंतू पेटीला आणि तिच्यातून हृदयात गेलेल्या वायरींना चिकटून बसतात, त्यामुळे पेटीसकट सगळ्या वायरी काढाव्या लागतात. नुसती पेटी बदलली की काही महिन्यांत तीच जखम पुन्हा फुटते. तिथे सुई घालून पू काढून बघू नये, आणि लेप तर मुळीच लावू नये.

वर्षाहून जुनी वायर शिरेला आणि हृदयाच्या भिंतीला चिकटलेली असते. तिच्या पोकळीत आतून अडकणारी तार घालतात आणि बाहेरून लेसरची किंवा फिरत्या टोकाची नळी सरकवत ती सोडवतात. यात हृदयाकडे येणारी वरची मोठी शीर फाटली, तर काही मिनिटांत छाती उघडावी लागते. म्हणून कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) आहे एवढ्यावर रुग्णालय ठरवू नका. जिल्हा रुग्णालयाचे रेफर पत्र घेऊन मुंबई, कोल्हापूर की बांबोळी (गोव्यातले सरकारी रुग्णालय) हे ठरवताना दोनच प्रश्न विचारा: वर्षाला किती वायरी काढता, आणि त्या वेळी हृदय-शल्यचिकित्सक हजर असतो का?

फाईलमध्ये सर्वात मोलाचा कागद म्हणजे डिव्हाइस कार्ड. कंपनी, मॉडेल, वायरींची संख्या आणि बसवल्याची तारीख त्यावर असते. ते हरवले असेल तर जिथे बसवले त्या रुग्णालयातून डिस्चार्ज समरी आणि ऑपरेशन नोट मागवा. सोबत छातीचा समोरून आणि बाजूने काढलेला एक्स-रे, पेसमेकर तपासणीचा अहवाल, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी. ब्लड कल्चर (रक्तातला जंतू ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेले हवे. नेमकी इथेच चूक होते: गावात आठवडाभर गोळ्या चालतात, मग कल्चर निगेटिव्ह येते आणि कोणता जंतू ते कळतच नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि शुभ्र रेशनकार्डवालेही आता पात्र आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, नोंदणी करा. रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते. वायर काढणे, त्याची खास नळी आणि पुढे बसवायचा नवा पेसमेकर यांतले काय पॅकेजमध्ये बसते, हे भरती होण्याआधीच विचारा. चौकशीसाठी 155388. चाकरमान्यांच्या घरी अडते ते नावावर: रुग्ण गावाला, नाव मुंबईच्या कार्डात, आधारावर स्पेलिंग तिसरेच. रेशनकार्डातली दुरुस्ती गावाकडे तहसील कार्यालयात, मुंबईत शिधावाटप कार्यालयात आणि आधारची आधार केंद्रात होते, ती आधी उरका. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गच्या रुग्णांनी बांबोळीला जाण्याआधी खर्चाची चौकशी करून घ्यावी.

योजनेत बसले नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. अर्ज, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला (मर्यादा 1 लाख 60 हजार), आधार, रेशनकार्ड, अहवाल आणि खर्चाचे अंदाजपत्रक लागते. खाजगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, भरलेले बिल परत मिळत नाही. म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच करा. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तिथेही तोच उत्पन्न दाखला चालतो, फक्त रुग्णालयातल्या समाजसेवकाला भरती होतानाच दाखवा.

हृदय शस्त्रक्रियेसाठी प्रवास करणारा रुग्ण आणि एक सोबती यांना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीला 75 टक्के सवलत आहे. रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र तिकीट खिडकीवर द्यावे लागते. ताप, थंडी वाजणे किंवा चक्कर असेल तर मात्र गाडीची वाट पाहू नका, 108 बोलवा.