टँक इंजिन म्हणजे शंटर नव्हे

वाफेच्या इंजिनाच्या वर्गाच्या नावात ‘टी’ (म्हणजे टँक) दिसला, की ‘यार्डातलं शंटिंगचं इंजिन’, म्हणजे डबे-वाघिणी इकडून तिकडे हलवणारा शंटर, असं लिहून मोकळं व्हायची सवय आता पुरे झाली. ‘टी’ एवढंच सांगतो, की पाणी आणि कोळसा मागे जोडलेल्या वेगळ्या गाड्यात, म्हणजे टेंडरमध्ये नाही, इंजिनाच्याच अंगावर आहे. कामाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं 2-8-4 चाकांचं (आकडे क्रमाने: पुढची वाट दाखवणारी, मधली ओढणारी म्हणजे चालक, आणि मागची चाकं) डब्ल्यूटी वर्गाचं इंजिन उपनगरी प्रवासी गाड्यांसाठी होतं. त्यालाही शंटर म्हणणारे भेटतात!

शंटर सगळ्यांना ठाऊक असतो. ब्रिटनचं 1943 चं ‘ऑस्टेरिटी’ नावाचं शंटर घ्या: 0-6-0, बॉयलरवर खोगिरासारखी टाकी, 4 फूट 3 इंची चाकं, वजन सुमारे 48 टन. त्याच्या शेजारी ब्रिटिश रेल्वेजचं 1951 पासून बनलेलं स्टँडर्ड क्लास 4 टँक उभं करा: 2-6-4, 5 फूट 8 इंची चाकं, वजन सुमारे 87 टन. आता दोघांची सुरुवातीची ओढ, म्हणजे गाडी हलवताना लागणारा जोर, बघा. ऑस्टेरिटीची 23,870 पाउंड, दुसऱ्याची 25,515. जेमतेम सात टक्के फरक. हा आकडा पाहून ‘दोन्ही सारखीच’ म्हणणारे इथेच फसतात.

ही ओढ म्हणजे सिलिंडरचं माप, चाकाचा व्यास आणि बॉयलरचा दाब यांचं गणित. बॉयलर ती वाफ किती वेळ पुरवेल, हे त्यात येतच नाही. त्यासाठी आगीची जाळी, म्हणजे कोळसा जिच्यावर जळतो ती, बघायची: ऑस्टेरिटीची 16.8 चौरस फूट, क्लास 4 ची 26.7. शंटर चार वाघिणी ढकलतो आणि थांबतो. तेवढ्यात दाब पुन्हा चढतो, म्हणून लहान जाळी पुरते. उपनगरी गाडीला दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन. सुटताना रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) सताड उघडा, वेग धरला की बंद, ब्रेक, आणि परत तेच. मधल्या थांब्यात बॉयलरला दम घ्यायला वेळ नसतो. जाळी अपुरी पडली, की पाचव्या-सहाव्या स्टेशनापर्यंत दाब घसरतो आणि गाडी वेळ गमावू लागते.

वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरचंही तसंच. त्याच्या नळ्या तापायला वाफ सलग वाहावी लागते. यार्डातल्या तुटक कामात त्या तापेपर्यंत काम संपतं, म्हणून ऑस्टेरिटीत तो नाही आणि क्लास 4 मध्ये आहे.

क्लास 4 ला पुढे-मागे टोकाची चाकं कशाला? शेवटच्या स्टेशनावर इंजिन वळवायची फिरकी न शोधता बंकर (मागची कोळशाची पेटी) पुढे ठेवून तशाच वेगाने परतायचं, तर वळणावर दोन्ही दिशांनी वाट दाखवणारी चाकं हवीत. त्याची किंमतही आहे: 87 टनांतले सुमारे 53 टनच चालक चाकांवर येतात, म्हणून ओल्या रुळावर चाकं लवकर घसरतात. ग्रेट ईस्टर्न रेल्वेने 1902 मध्ये उलटा मार्ग धरला. त्यांच्या 0-10-0 ‘डेकापॉड’चं सगळं वजन चालक चाकांवर होतं. 300 टनांची गाडी त्याने 30 सेकंदांत ताशी 30 मैलांवर नेली. पण मार्गावरचे पूल ते वजन पेलणारे नव्हते, आणि ते नियमित सेवेत कधी आलंच नाही.

नुसता आकार बघून मात्र ठरवू नका. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची 1872 ची ‘टेरियर’ इंजिनं 0-6-0, चाकं अवघी 4 फुटांची, तरी ती लंडनच्या उपनगरी गाड्यांसाठीच बनली होती. तेव्हा गाड्या हलक्या असत. जुन्या फोटोत ओळखायचं असेल, तर बफरबीमवरच्या (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवरच्या) नळ्या बघा. प्रवासी गाडीच्या इंजिनाला पूर्ण गाडीचा ब्रेक लावणारी व्हॅक्यूम किंवा वेस्टिंगहाउसची नळी लागते. ऑस्टेरिटीला मुळात फक्त स्वतःपुरता वाफेचा ब्रेक होता.