अंदाजपत्रक आणि कोटेशन: गोदाम बांधताना घोळ होतो तो इथे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याकडचे एक काजू कारखानदार माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या गोदामाची शेड उभी राहिली होती. खांब सरळ, पत्रा चकचकीत, शटरही बसलेलं. आत गेलो तर पायाखाली लाल माती. फरशी नाही, भराव अर्धवट आणि मागच्या बाजूला पाच फुटांचा खड्डा. पैसे संपले होते. "साहेब, इस्टिमेट तर एकोणचाळीस लाखांचं होतं," असं म्हणत त्यांनी पिशवीतून कागद काढला. तो कागद इस्टिमेट नव्हताच. शेड बनवणाऱ्याचं ते कोटेशन होतं, आणि त्यात कबूल केलेलं सगळं त्याने करून दिलं होतं.

हा गोंधळ मी वर्षानुवर्षं बघतो आहे, आणि त्यात माणसाची भाबडी चूक फारशी नाही. सरकारी मराठीत इस्टिमेट म्हणजे अंदाजपत्रक आणि कोटेशन म्हणजे दरपत्रक. दोन्हींच्या शेवटी पत्रक, दोन्ही लेटरहेडवर, दोन्हींच्या तळाशी मोठी रक्कम. शिवाय आपण शेड बनवणाऱ्या फॅब्रिकेटरलाही फोनवर "जरा इस्टिमेट पाठवा" असंच सांगतो, आणि तो कोटेशन पाठवतो.

अंदाजपत्रक मालकाच्या बाजूने लिहिलेलं असतं. मोकळ्या जमिनीपासून गोदामाला कुलूप लावेपर्यंत काय काय लागेल, किती लागेल आणि त्याला किती खर्च येईल, हा त्याचा प्रश्न. कोटेशन विकणाऱ्याच्या बाजूने असतं. मी एवढी वस्तू देईन, एवढ्याला देईन आणि तुम्ही इतक्या दिवसांत ठरवलंत तर देईन. त्याच्या वस्तूबाहेर तुमचं काय राहिलं, हे सांगणं त्याचं काम नाही. बहुतेक वेळा तो ते सांगतोही, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: 'सिव्हिल काम, भराव, फरशी, वीज, क्रेनसाठी रस्ता ग्राहकाकडे'. ते पान मी नेहमी आधी वाचतो.

लांज्याचंच गोदाम घेऊ. ६० बाय १०० फूट, म्हणजे ६,००० चौरस फूट. सहा इंच जाडीची काँक्रीटची फरशी धरली तर ३,००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास काँक्रीट (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हे कोटेशनमध्ये नाही. पण फरशीपेक्षा मोठा खर्च फरशीच्या खाली असतो, आणि कोकणात तो हमखास असतो, कारण आपल्याकडे सपाट जमीन मिळतेच कुठे? त्या प्लॉटला लांबीत पाच फुटांचा उतार होता. वरच्या टोकाला जोतं दोन फूट ठेवलं की खालच्या टोकाला ते सात फूट होतं. सरासरी साडेचार. त्यातून फरशीचं अर्धा फूट वजा केलं तर चार फूट भराव, ६,००० चौरस फुटांवर, म्हणजे २४० ब्रास. आणि हा दाबलेला भराव झाला. मुरूम सुटा येतो, रोलर फिरला की बसतो, म्हणून मी पाव भाग जास्त धरतो. ३०० ब्रास. तीन ब्रासच्या डंपरच्या शंभर खेपा. वर त्या खालच्या टोकाला भराव धरून ठेवणारी सात फुटांची भिंत. कोटेशनमध्ये या सगळ्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती, कारण शेडवाल्याने जमीन पाहिलीच नव्हती. पाहण्याची त्याला गरजही नव्हती. जमीन उताराची असो की सपाट, त्याची शेड सारखीच बनते.

हाच प्लॉट सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर असता तर हिशेब उलटा. तिथे भराव कमी, पाया उथळ, पण कातळ फोडायला ब्रेकर. खाली मळ्याच्या बाजूला घेतला असता तर पाया खोल आणि जोतं उंच. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना जोत्याची उंची किती महत्त्वाची हे वेगळं सांगायला नको. जमीन बदलली की अंदाजपत्रक बदलतं आणि कोटेशन तसंच राहतं. दोन्हींतला फरक मला सगळ्यात स्पष्ट इथे दिसतो.

याचा अर्थ कोटेशन कमी दर्जाचा कागद, असा मुळीच नाही. काही गोष्टी फक्त कोटेशनच सांगू शकतं. अंदाजपत्रकात मी 'लोखंडी सांगाडा, इतके टन' अशी ओळ लिहितो. तो टन खरा किती, हे डिझाइन करणाऱ्याकडूनच कळतं. म्हणून दोन कोटेशनं समोर आली की आधी रक्कम बघू नका, वजन बघा. एकाने १४ टन आणि दुसऱ्याने ११ टन धरले असतील, तर स्वस्तात देणारा नेमकं काय कमी देतोय ते विचारा. विशेषतः त्याने वाऱ्याचा वेग किती धरलाय ते. भारतीय मानकाच्या नकाशात ३९ आणि ४४ मीटर प्रतिसेकंद असे शेजारशेजारचे पट्टे आहेत, मुंबई ४४ मध्ये येते. आकड्यांत फरक पाचाचा दिसतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दाबातला फरक सत्तावीस टक्क्यांच्या आसपास जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडे किती पत्रे उडाले ते आठवा.

पत्र्याचंही तसंच. कोटेशनमध्ये '०.५० मिमी' लिहिलेलं असतं. ती जाडी गंजरोधक लेपासकट की निव्वळ पोलादाची? आणि लेप चौरस मीटरला किती ग्रॅमचा? खाऱ्या वाऱ्यात हा प्रश्न देशावरच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. खाडीच्या काठावर स्वस्त पत्र्याच्या स्क्रूभोवती तांबूस वर्तुळं किती लवकर दिसायला लागतात, ते मी पाहिलंय. भिंत मात्र मी दहा फुटांपर्यंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि वर पत्रा अशीच सुचवतो. चिरा इथे नगावर मिळतो, गवंडी इथले, आणि पोती भिंतीला टेकली तरी पत्रा वाकत नाही. पण ही चिऱ्याची भिंत पुन्हा अंदाजपत्रकाची बाब, कोटेशनच्या बाहेरची.

आता कराचं. त्यांच्या ३९ लाखांखाली लिहिलं होतं 'जीएसटी वेगळा'. १८ टक्क्यांनी ७ लाख २ हजार झाले. व्यापारी माणूस म्हणतो, तो तर परत मिळेल. पण स्वतःच्या इमारतीच्या बांधकामावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही; जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. म्हणून अंदाजपत्रकात मी कर खर्चातच धरतो. बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, बिनशेती आणि बांधकाम परवानगीची फी, महावितरणची जोडणी, पोचरस्ता, हेही तिथेच.

मुदतीचं तर कोकणात फार जपावं लागतं. लोखंडाचे भाव हलतात म्हणून कोटेशनला पंधरा दिवस, महिना अशी मुदत असते. इकडे रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भराव आणि पाया मृगाच्या आत झाला नाही, की काम थेट दिवाळीनंतर. तोवर एप्रिलचं कोटेशन केव्हाच मेलेलं असतं. अंदाजपत्रक मरत नाही. त्यातली मापं तशीच राहतात, फक्त दर नवे घालायचे. अडचणीसाठी मी सपाट जमिनीवर ५ टक्के आणि उतारावर १० टक्के राखून ठेवतो.

क्रम सांगायचा तर आधी अंदाजपत्रक. त्यातून सांगाड्याची आणि पत्र्याची कामं वेगळी काढून एकच यादी तीन ठिकाणी द्यायची: तोच वारा, तीच उंची, तोच पत्रा. आलेली कोटेशनं शेजारी ठेवायची आणि त्यांतला ठरलेला दर परत अंदाजपत्रकात भरायचा. कर्जासाठी बँकेत जायचं ते हा दुरुस्त झालेला कागद घेऊन. शेतमालाच्या गोदामासाठी केंद्राने २०२० मध्ये कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची योजना आणली. पण कर्जच अपुरं मागितलं तर उरलेली रक्कम नंतर महाग व्याजाने उभी करावी लागते.

लांज्यात तेच झालं. त्यांनी घरचं सोनं ठेवून भराव पुरा केला. मी घाई करू दिली नाही. एक पावसाळा त्या भरावावरून जाऊ दिला, तो खालच्या टोकाला दोन-अडीच इंच बसला. डिसेंबरात पुन्हा रोलर फिरवून, प्लास्टिकचा जाड कागद अंथरून फरशी ओतली. मधल्या हंगामातला काजू त्यांनी भाड्याच्या गोदामात ठेवला होता. ते भाडं ना त्या कोटेशनमध्ये होतं, ना मी नंतर करून दिलेल्या अंदाजपत्रकात.