सागरी संशोधनासाठी लोकवर्गणी आणि कार्यक्रम: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

कोकणात आता हिवाळा संपता संपता किनाऱ्यावरच्या गावांतून कासव महोत्सवांची तयारी सुरू होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे जे काम उभे केले, त्यातून हा प्रकार रुजला. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आला आणि पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्याचे सर्वांनी नकाशावर पाहिले. तेव्हापासून शाळा, युवक मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळेही विचारू लागली आहेत की, आम्हालाही या संशोधनाला हातभार लावायचा आहे, वर्गणी कशी गोळा करावी? उत्साह चांगलाच आहे, परंतु लोकांचा पैसा हाती घेतला की कायदा सुरू होतो. शिवाय पैशाचे नियम वेगळे आणि वाळूवर कार्यक्रम करण्याचे नियम वेगळे असतात. एक परवानगी मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

पैसा कोणाच्या नावाने येणार?

अर्ज कोणता, कुठे आणि कोणी करायचा हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून सभागृहाची तारीख घेण्याआधी बैठक बोलावून याचा लेखी ठराव करावा. व्यवहारात तीन मार्ग असतात. नोंदणी नसलेले मंडळ किंवा काही व्यक्तींचा गट स्वतः वर्गणी गोळा करतो, एखादा नोंदणीकृत न्यास स्वतःच्या पावतीवर देणगी घेतो, किंवा कार्यक्रम स्थानिक मंडळ करते आणि देणगी मात्र थेट संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात जाते. माझ्या मते पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग सर्वांत निर्धोक आहे, कारण त्यात मंडळाच्या हाती पैसाच येत नाही. मात्र ती संस्था या उपक्रमासाठी देणगी स्वीकारण्यास तयार असल्याचे तिच्या लेटरहेडवरचे संमतीपत्र आधी हातात हवे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी शासकीय प्रयोगशाळा असो किंवा कांदळवन प्रतिष्ठानासारखी राज्य शासनाने स्थापन केलेली संस्था असो, तिचे नाव फलकावर छापण्यापूर्वी तिची लेखी परवानगी घेणे बंधनकारक समजावे. नाव आधी छापून नंतर पत्र मागण्याची आपली जुनी सवय इथे अंगाशी येऊ शकते.

नोंदणी नसलेल्या मंडळासाठी कलम ४१क

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१क हे धार्मिक किंवा धर्मादाय कामाच्या नावाने पैसा, वर्गणी, देणगी अथवा वस्तू गोळा करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला लागू होते. गणेशोत्सव मंडळांना दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची जी परवानगी घ्यावी लागते ती हीच. त्यामुळे हे कलम फक्त उत्सवांचे आहे असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. समुद्री कासवांच्या अभ्यासासाठी दारोदार फिरून घेतलेली वर्गणीही त्यात येते. परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे हा या अधिनियमानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे.

अर्ज ज्या जिल्ह्यात वर्गणी गोळा होणार तेथील सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे करायचा असतो आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो. सोबत मंडळाच्या सर्व सदस्यांच्या सह्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे व पत्त्याचे पुरावे, कार्यक्रमाच्या जागेच्या मालकाचे संमतीपत्र किंवा ग्रामपंचायत अथवा नगरपरिषदेचा ना-हरकत दाखला आणि याआधी अशी परवानगी घेतली असल्यास त्या परवानगीची प्रत व त्या वर्षीचा हिशेब जोडावा. ठरावात उद्देश मोघम लिहू नये. ‘पर्यावरणासाठी’ एवढेच लिहिण्यापेक्षा, अमुक संस्थेच्या अमुक अभ्यासासाठी, अमुक कालावधीत, अमुक गावांतून वर्गणी घेण्यात येईल आणि कार्यक्रमाचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्या संस्थेला धनादेशाने देण्यात येईल, असे स्पष्ट असावे. खर्च वर्गणीतूनच भागवणार असाल तर तेही आधीच सांगावे. जेवणावळीचा खर्च देणगीतून गेला हे नंतर कळणे लोकांना आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. उपक्रम संपल्यावर परवानगीपत्रात दिलेल्या मुदतीत जमाखर्च त्याच कार्यालयात सादर करावा लागतो, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात पहिली विचारणा याच हिशेबाची होते.

बँक खाते मंडळाच्या नावाने आणि किमान दोन सह्यांनी चालणारे असावे. अलीकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे टेबलावर एका उत्साही सदस्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. वर्गणी त्याच्या पगाराच्या खात्यात जमा होते, आणि वर्षअखेरीस ती रक्कम त्याचे उत्पन्न नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

नोंदणीकृत न्यास आणि आयकर

न्यास आधीच नोंदलेला असेल, म्हणजे धर्मादाय कार्यालयाचा ई किंवा एफ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्याच्याकडे असेल, तर प्रथम घटनापत्रातील उद्देश वाचावेत. वाचनालय चालवण्यासाठी स्थापन झालेल्या न्यासाने समुद्रातल्या अभ्यासासाठी देणग्या घेतल्यास तो पैसा उद्देशाबाहेर खर्च झाला असा आक्षेप निघू शकतो. विश्वस्तांमध्ये बदल झाला असेल तर त्याचा बदल अर्ज मंजूर आहे की प्रलंबित आहे हेही पाहावे, कारण मयत विश्वस्ताचे नाव अजून नोंदवहीत असणे ही गावोगावच्या न्यासांची नेहमीची अडचण आहे आणि बँक नेमकी तिथेच अडवते.

देणगीदार हमखास विचारतो, ‘ऐंशी जी मिळेल का?’ म्हणजे या देणगीवर त्याला आयकरात वजावट मिळेल का. ती सवलत देण्याची मान्यता न्यासाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी आयकर विभागाकडे आधी कलम १२एबी खाली, म्हणजे न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी, नोंदणी आणि नंतर कलम ८०जी खाली मान्यता घ्यावी लागते. आयकर कायद्यातील धर्मादाय उद्देशाच्या व्याख्येत पर्यावरणाचे जतन, त्यात जंगले आणि वन्यजीवही, स्वतंत्रपणे नमूद आहे. त्यामुळे सागरी जीवांच्या संरक्षणाचे काम त्यात बसवताना ओढाताण करावी लागत नाही. अर्जासोबत न्यासपत्र किंवा घटना, धर्मादाय नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचा पॅन, विश्वस्तांचा तपशील आणि जुन्या न्यासाच्या बाबतीत मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. इथे सनदी लेखापाल आणि देणगीदार या दोघांच्या तोंडी रुळलेले जुने क्रमांक वापरले आहेत, अर्ज भरताना चालू क्रमांक पाहून घ्यावेत.

देणगीदारासाठी तीन गोष्टी पावतीपुस्तकाच्या मागे छापून ठेवण्यासारख्या आहेत. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास त्यावर ८०जी ची वजावट मिळत नाही. जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच ही वजावट घेता येते. आणि केवळ पावती पुरत नाही, तर न्यासाने वर्षभराच्या देणग्यांचे विवरण नमुना १०बीडी मध्ये पुढील ३१ मेपर्यंत भरून प्रत्येकाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून नाव, पूर्ण पत्ता आणि पॅन हे तिन्ही पावती फाडतानाच घ्यावेत. मे महिन्यात तीनशे जणांना फोन करत पॅन गोळा करण्याचा प्रसंग ज्याच्यावर एकदा आला आहे, तो पुन्हा कधी रिकामी पावती फाडत नाही.

दानपेटीचा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा. पेटीत पडलेल्या पैशाला देणाऱ्याचे नाव नसते, आणि आयकराच्या दृष्टीने ती निनावी देणगी ठरते. केवळ धर्मादाय असलेल्या न्यासाच्या बाबतीत, अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्या पुढे गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के दराने कर बसतो. लहान कार्यक्रमात ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता कमी असली तरी पेटीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. आमच्या एका कार्यक्रमानंतर पेटी उघडली तेव्हा ओल्या वाळूने चिकटलेल्या दहा-दहाच्या नोटा, नाण्यांचा ढीग आणि एका मुलाने टाकलेला शिंपला एवढे निघाले. मोजायला दोघे बसले, बाकीचे चहाला गेले आणि रात्री दोघांचे आकडे जुळेनात. तेव्हापासून पेटीला दोन कुलपे, दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या आणि पाच जणांच्या सहीचा मोजणी पंचनामा ही पद्धत आम्ही सोडलेली नाही. पंचनाम्यात नोटांची संख्या मूल्यवार लिहावी आणि दुसऱ्या दिवशीची बँकेची भरणा चिठ्ठी त्यालाच टाचून ठेवावी.

परदेशातून येणारी मदत

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. परदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० नुसार पैसा कोणत्या चलनात आला हे महत्त्वाचे नसून तो कोणी दिला हे महत्त्वाचे असते. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी मराठी माणूस स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देत असेल तर ते परदेशी अंशदान नव्हे. त्याच्या पारपत्राची प्रत दप्तरी ठेवावी. मात्र त्याच्याच शेजारी राहणाऱ्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या मित्राची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी, परदेशी अंशदान ठरते. परदेशात नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाने सभासदांकडून गोळा करून पाठवलेली रक्कमही तशीच. इतकेच नव्हे, तर कासवाची पिल्ले पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्याने दानपेटीत टाकलेली पाचशेची नोट हेही परदेशी अंशदान असते. त्याने निवास-न्याहारीचे भाडे दिले तर तो व्यवसायातला मोबदला झाला, ते वेगळे. म्हणून पेटीशेजारी ‘केवळ भारतीय नागरिकांसाठी’ अशी पाटी लावावी. ती थोडी अनादराची वाटते, पण पर्याय नाही.

हे अंशदान घेण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पैसा नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे अंशदान एका संस्थेकडून दुसरीकडे वर्ग करता येत नाही, म्हणजे ‘त्यांच्या खात्यात घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू’ हा मार्ग बंद आहे. बहुतेक गावपातळीवरची मंडळे या अटींत बसत नाहीत. त्यांनी परदेशातल्या हितचिंतकांना अशी नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेकडेच थेट पाठवावे.

किनारा, मंच आणि ध्वनिक्षेपक

कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्वाधिक संवेदनशील अशा १ए वर्गात मोडतात. तिथे तात्पुरता मांडव घालायचा असला तरी आधी वनक्षेत्रपाल कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, आणि सर्वांत चांगले म्हणजे मांडव वाळूवर न घालता शाळेच्या मैदानात किंवा देवळाच्या सभामंडपात घालावा. समुद्राकडे तोंड केलेला एक हॅलोजन दिवा रात्री अंडी घालायला येणाऱ्या मादीला परत फिरवू शकतो आणि पिल्लांना पाण्याऐवजी गावाकडे खेचू शकतो. ज्या प्राण्याच्या अभ्यासासाठी पैसा गोळा करायचा त्यालाच त्रास देऊन कसे चालेल?

किनाऱ्याच्या वापरासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जागेच्या मालकीनुसार महसूल विभाग किंवा महाराष्ट्र सागरी मंडळ यांची परवानगी आणि गर्दी व ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी अशी साखळी असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निधीसाठी नाटकाचा प्रयोग लावणार असाल तर त्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे याची खात्री करावी. बक्षिसांची सोडत मात्र टाळावी, कारण परवान्याशिवाय काढलेली सोडत कायद्याने लॉटरी ठरू शकते.

पैसा कोणत्या अभ्यासाला जातो

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, टॅग लावणे किंवा अंडी हलवणे यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि राज्यात हे अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातात. त्यामुळे निधी देण्यापूर्वी त्या अभ्यासाच्या परवानगीची प्रत मागून घ्यावी आणि ती आपल्या हिशेबाच्या फाइलला जोडावी. खरा संशोधक हे मागितल्याने रागावत नाही. त्याच्याकडून दोन पानांचे प्रयोजनपत्रही घ्यावे: कोणता किनारा, कोणता हंगाम, कोणती सामग्री, किती रक्कम आणि वापर प्रमाणपत्र कधी मिळणार. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेची नमुना सीएसआर-१ द्वारे नोंदणी असणे आवश्यक आहे, आणि कंपनीही बहुधा हीच कागदपत्रे पहिल्या बैठकीत मागते.

धर्मादाय कार्यालयात हिशेब दाखल केल्यावर पोहोच घ्यावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एक मंडळाच्या दप्तरात, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींसोबत, ठेवावी.