गिरणीतला रविवार: कामगार कायद्यांची पार्श्वभूमी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशातल्या २९ कामगार कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली. त्यातली तास, सुट्टी, भरपाई, पगार ही कलमे वाचायला रुक्ष आहेत. पण ती मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ सालीच कागदावर मांडली होती.

त्याआधी, १८८१ साली, पहिला कारखाना कायदा आला होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर मनाई, सात ते बारा वयाच्यांना नऊ तास. मोठ्यांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. धडधाकट माणसाला पटत नसेल तर त्याने नोकरी सोडावी, असा हिशेब. कायद्यामागे रेटा होता मँचेस्टरचा. इथले स्वस्त कापड तिथल्या गिरणीवाल्यांना खुपत होते, म्हणून आपल्याकडची राष्ट्रवादी वर्तमानपत्रेही या कायद्याविरुद्ध होती. हेतू आपमतलबी खरा, पण त्यातून एक तत्त्व रुजले: मालक-मजुरांचा करार हा त्या दोघांपुरता मामला नाही, सरकार मध्ये पडू शकते.

‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो धागा पकडला. स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, जायबंदी झाल्यास भरपाई, आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. रविवारी यंत्रे पुसायला बोलावले जाई, म्हणजे सुट्टी नावालाच. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला लोखंडे देत, असे सांगतात. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला, आणि १८९१च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. बायकांना अकरा तासांची मर्यादा तेव्हाच लागली. गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडले.

लोखंडे १८९७च्या प्लेगच्या साथीत गेले. भरपाईचा कायदा १९२३चा. कामावर इजा झाली की मालकाची चूक सिद्ध न करताही पैसे मिळावेत, हे त्यात मान्य झाले. पगाराचे सर्वांत रेंगाळले. मागचा पगार अडकलेला असला की कामगार नोकरी सोडून जात नसे, ही मालकांची सोय होती. १९३६च्या कायद्याने अखेर मुदत घातली: हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारीख, एरवी दहा. लोखंड्यांनी पंधराच मागितली होती.