इंडोनेशियन-अमेरिकन आणि प्वेब्लो समाज: आर्थिक स्थितीची तुलना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जनगणना विभागाच्या आकड्यांवरून वेगवेगळ्या वंशगटांचे उत्पन्न, दारिद्र्य, शिक्षण आणि घरमालकी शेजारी शेजारी मांडण्याची पद्धत आहे. त्यातलीच ही एक जोडी. एका बाजूला इंडोनेशियातून गेल्या सत्तर वर्षांत आलेले स्थलांतरित व त्यांची मुले, दुसऱ्या बाजूला नैर्ऋत्य अमेरिकेत युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून मातीच्या बहुमजली घरांत राहणारे प्वेब्लो लोक. दोन्ही समूह लहान आहेत. २०१० च्या जनगणनेत मिश्रवंशीय धरून सुमारे ९५ हजार लोकांनी स्वतःला इंडोनेशियन म्हटले, तर सुमारे ७२ हजारांनी प्वेब्लो. इंडोनेशियन समूह पुढच्या दशकात वाढून सुमारे १ लाख ३० हजारांवर गेला.

‘प्वेब्लो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ गाव. हे एका जमातीचे नाव नाही. न्यू मेक्सिको राज्यात आकोमा, लगूना, झूनी, टाओस, इस्लेटा, सांदिया, कोचिती, सांता क्लारा अशी १९ स्वतंत्र प्वेब्लो गावे आहेत. प्रत्येकाचे शासन वेगळे, आणि भाषाही एक नाही: केरेस, तिवा, तेवा, तोवा आणि झूनी. ॲरिझोनातले हॉपी आणि टेक्ससमध्ये एल पासोजवळचे इस्लेटा देल सुर यांचीही गणना प्वेब्लोंमध्ये होते. कोलोराडो राज्यातल्या प्वेब्लो नावाच्या पोलादी शहराशी या लोकांचा संबंध नाही. सरकारी कागदांत ‘इंडियन’ हा शब्द येतो तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी, हेही मराठी वाचकाला एकदा सांगून ठेवलेले बरे.

आकडे काय दाखवतात

ढोबळ चित्र स्पष्ट आहे. इंडोनेशियन कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) राष्ट्रीय मध्यकाच्या वर आणि एकूण आशियाई गटाच्या मध्यकाच्या खाली राहते. २०१९ मध्ये आशियाई मध्यक साधारण ८५ हजार डॉलर होता, राष्ट्रीय मध्यक ६५ हजारांच्या आसपास. पंचवीस वर्षांवरील इंडोनेशियनांपैकी जवळजवळ निम्मे पदवीधर आहेत. प्वेब्लो कुटुंबांचे उत्पन्न राष्ट्रीय मध्यकाच्या बरेच खाली असते. देशभरातल्या मूळ रहिवाशांपैकी पाचांतला एकाहून अधिक माणूस दारिद्र्यरेषेखाली मोडतो आणि प्वेब्लो या चित्राला अपवाद नाहीत. ते ज्या राज्यात राहतात ते न्यू मेक्सिकोही देशातल्या गरीब राज्यांत गणले जाते.

इथवर तुलना सरळ आहे. अडचण पुढे येते. जनगणना दोन्हीकडे ‘कुटुंब’ हेच एकक धरते. इंडोनेशियन स्थलांतरिताच्या बाबतीत ते चालून जाते, कारण त्याच्या कमाईचा आणि कर्जाचा हिशोब खरोखरच घरापुरता असतो. प्वेब्लोंकडे जमीन, पाणी, हॉटेल, पेट्रोलपंप, कधी कॅसिनो हे सगळे गावाच्या मालकीचे असते. गावाचा नफा शाळेत, दवाखान्यात, वृद्धांच्या जेवणात खर्च होतो आणि कुटुंबाच्या उत्पन्नाच्या रकान्यात त्यातले काहीच उतरत नाही. म्हणून प्वेब्लोंची गरिबी खोटी ठरत नाही, पण ती एका आकड्यात मावत नाही. शिवाय इतक्या लहान समूहांचे अंदाज नमुना सर्वेक्षणातून येतात. त्यांत चुकीला वाव मोठा असतो, आणि एखाद्या टक्क्याच्या फरकावरून क्रमवारी लावणे हा निव्वळ खेळ आहे.

जमीन आणि पाणी

प्वेब्लोंच्या अर्थव्यवस्थेचा पाया मका, घेवडा, भोपळा आणि कापूस यांची शेती हा होता. रिओ ग्रांदे आणि तिच्या उपनद्यांवरून काढलेल्या पाटांवर ती चाले. स्पॅनिश अमलात घरटी मका आणि सुती चादरी खंडणी म्हणून द्याव्या लागत. १६८० मध्ये ओके ओविंगे गावच्या पोपे याच्या नेतृत्वाखाली प्वेब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलले. ते १६९२ मध्ये परतले, पण गावांच्या जमिनींना राजाच्या सनदांचे संरक्षण मिळत गेले. १८४८ च्या ग्वादालूप हिदाल्गो तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे गेल्यावर या सनदा मानण्याचे ठरले. लिंकन यांनी १८६० च्या दशकात प्वेब्लो गव्हर्नरांना चांदीच्या मुठीच्या काठ्या पाठवल्या. गव्हर्नरपदाची खूण म्हणून त्या आजही एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

काठीने जमीन मात्र वाचली नाही. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्वेब्लो शांत, कष्टाळू आणि सुसंस्कृत आहेत, म्हणून इंडियनांच्या जमिनींचे रक्षण करणारा कायदा त्यांना लागू नाही. मग बाहेरचे लोक त्यांच्या सुपीक पट्ट्यांत घुसले. १९१३ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल फिरवला, आणि तो फिरवताना प्वेब्लोंना अडाणी व परावलंबी ठरवले. सुसंस्कृत म्हणून संरक्षण गेले आणि मागास म्हणून परत आले, असा हा न्याय. अतिक्रमणांना कायदेशीर रूप देऊ पाहणाऱ्या बर्सम विधेयकाविरुद्ध १९२२ मध्ये सगळी गावे एकत्र आली. ते विधेयक पडले आणि १९२४ चा प्वेब्लो जमीन कायदा आला. टाओसचे पवित्र निळे सरोवर १९०६ मध्ये सरकारी जंगलात गेले होते. ते ४८ हजार एकरांसह १९७० मध्ये परत मिळाले, त्यासाठी टाओसला ६४ वर्षे झगडावे लागले. कोचितीचे दुखणे वेगळे: १९७० च्या दशकात पूर्ण झालेल्या धरणाच्या झिरपणीने खालची शेते चिबड झाली. पाण्याच्या हक्कांचा एक खटला १९६६ मध्ये दाखल झाला आणि त्याच्या तडजोडीचा कायदा व्हायला २०१० उजाडले.

उरलेली जमीन काही गावाच्या सामाईक मालकीची पण केंद्राच्या निर्बंधाखाली असते, काही केंद्र सरकार विश्वस्त म्हणून धरते. ती विकता येत नाही, तशीच गहाणही सहजासहजी ठेवता येत नाही. अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः कर्ज काढून घेतलेल्या आणि किंमत वाढत गेलेल्या घरातून येते. तो रस्ता इथे जवळजवळ बंद. बँकेने कर्ज द्यावे म्हणून १९९२ मध्ये केंद्राने हमी योजना आणली, तरी कागद सरकारी कचेरीतून हलायला वेळ लागतो. उलट बाजू अशी की अनेक कुटुंबांना घराचा हप्ता नसतो, आणि शहरात बेकार झालेल्या माणसाला परतायला गाव असते. उत्पन्नाच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी नाहीत.

मजुरी, खाण आणि कॅसिनो

प्वेब्लो गावाला चिकटून राहिले, हा समज अर्धाच खरा आहे. १८८० च्या सुमारास रेल्वे लगूनाच्या जमिनीतून गेली आणि त्या बदल्यात लगूनांना रेल्वेत काम देण्याचा करार झाला. पुढे कित्येक कुटुंबे कॅलिफोर्नियातल्या रिचमंड येथे रेल्वेच्या डब्यांची घरे करून राहिली आणि सणावाराला गावी येत राहिली. १९४३ नंतर लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेने सॅन इल्डिफॉन्सो आणि सांता क्लारा या प्वेब्लो गावांतल्या बायकापुरुषांना मोलकरीण, मजूर, कारागीर म्हणून कामे दिली. रोख पगार घरात आला तशी शेती मागे पडत गेली.

सगळ्यात मोठा पगार युरेनियमने दिला. लगूनाच्या पग्वाते गावाला लागून जॅकपाइल ही उघडी खाण १९५३ ते १९८२ चालली. ती एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या युरेनियम खाणींपैकी होती. शेकडो लोकांना चांगले वेतन मिळाले, आणि खाण बंद झाली त्या वर्षी ते एकदम थांबले. खड्डा, धूळ आणि दूषित पाणी राहिले. २०१३ मध्ये या जागेचा समावेश देशातल्या सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या यादीत झाला.

१९८८ च्या इंडियन जुगार नियमन कायद्यानंतर, आणि न्यू मेक्सिकोशी १९९० च्या दशकात झालेल्या करारांनंतर, कॅसिनोंचे पर्व आले. येथे नकाशा हाच मुख्य घटक. सांदिया, इस्लेटा आणि सांता आना ही गावे आल्बुकर्की शहराला खेटून आहेत. महामार्गाने रोज येणारे गिऱ्हाईक त्यांच्या दारात उतरते. त्यांनी कॅसिनोच्या पैशांतून हॉटेले, गोल्फची मैदाने आणि वसाहती उभ्या केल्या. झूनी गाव शहरापासून दूर पश्चिम टोकाला आहे. तिथे कॅसिनो नाही, हेमेझ आणि झियातही नाही. त्यामुळे ‘प्वेब्लोंचे उत्पन्न’ या एका आकड्यात अगदी वेगळ्या नशिबाची गावे एकत्र कोंबलेली असतात.

झूनीत घरोघर चालतो तो चांदी, पिरोजा आणि शिंपल्यांच्या जडावकामाचा धंदा. बाजूच्या गॅलप शहरातले व्यापारी माल उचलतात आणि भाव बहुधा तेच ठरवतात. कुंभारकामात नाव झाले ते सॅन इल्डिफॉन्सोच्या मारिया मार्तिनेझ (१८८७-१९८०) आणि त्यांचे पती हुलियान यांचे. १९२० च्या सुमारास त्यांनी काळ्यावर काळी नक्षी काढण्याची रीत बसवली आणि गावाचे अर्थकारण पालटले. सांता फे येथे १९२२ पासून भरणारा इंडियन बाजार हे आजही अनेकांच्या वर्षभराच्या मिळकतीचे ठिकाण आहे. नकली मालाला आळा घालण्यासाठी १९९० चा कायदा आहे, तरी फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने मूळ रहिवाशांचे अस्सल काम म्हणून विकल्याचे खटले २०१० च्या दशकात गाजले. हाताने दोन दिवस घासलेल्या खड्याशी यंत्राच्या खड्याने स्पर्धा केली की पहिला हरतो तो कारागीर.

इंडोनेशियन बाजू

इंडोनेशियनांच्या सरासरीतही तितक्याच वेगळ्या कहाण्या मिसळलेल्या आहेत. पहिला मोठा गट ‘इंडो’ लोकांचा, म्हणजे डच व इंडोनेशियन मिश्रवंशीयांचा. स्वातंत्र्यानंतर इंडोनेशियातून नेदरलँड्सला गेलेली ही कुटुंबे १९५३ आणि १९५८ च्या खास कायद्यांखाली दक्षिण कॅलिफोर्नियात आली. याच काळात सरकारी व प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्यांवर विद्यार्थीही आले, पण बर्कलीत शिकलेले अर्थशास्त्रज्ञ मायदेशी परतून इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीचे धोरणकर्ते झाले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांची वाट खुली झाली. समुद्र ओलांडून येणारा माणूस मुळातच चाळणीतून आलेला असतो: तिकिटाचे पैसे, शिक्षण किंवा व्हिसा यांपैकी काहीतरी त्याच्यापाशी असतेच. पदव्यांचा आकडा मोठा दिसतो त्यामागे हीच चाळणी आहे.

१९९८ ची लाट निराळी. आशियाई आर्थिक संकटात डॉलरला २,४०० च्या आसपास असलेला रुपिया १५ हजारांच्याही पलीकडे घसरला, आणि मे महिन्यात जकार्तात चिनी वंशाच्या लोकांची दुकाने व घरे जाळली गेली. चिनी वंशाचे ख्रिस्ती लोक पर्यटक व्हिसावर निघाले. कित्येकांनी फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात बस्तान बसवले. जकार्ता किंवा सुराबायात दुकान चालवणारी माणसे इथे पहाटे कंत्राटदाराच्या व्हॅनमधून कारखान्यांत आणि गोदामांत जाऊ लागली. उत्तर सुलावेसीतले मनादोकडचे लोक न्यू हॅम्पशायरच्या समरस्वर्थ परिसरात कारखान्यांत लागले. आश्रयाचा अर्ज वर्षभरात करायचा असतो, ही मुदत अनेकांची हुकली. २००३ मध्ये बहुसंख्य मुस्लिम असलेल्या देशांच्या पुरुषांसाठीच्या विशेष नोंदणीत इंडोनेशियाचे नाव आले आणि चर्चला जाणारे हे पुरुष प्रामाणिकपणे नाव नोंदवून हद्दपारीच्या यादीत जाऊन बसले. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने न्यू हॅम्पशायरमधल्या अशा कुटुंबांची हद्दपारी रोखून धरली.

या समाजाची बँक म्हणजे बऱ्याचदा ‘अरिसान’. आपली भिशीच: दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी, जेवण आणि गप्पा. दुकानाची अनामत, जुन्या गाडीचे पैसे, गावाकडच्या आजारपणाची रक्कम अशा गोष्टी त्यातून निघतात. प्वेब्लोंकडे पैशाचा ओघ उलट फिरतो. संतदिनाच्या नाचाला आलेल्या कुणालाही, अनोळखी पाहुण्यालाही, घरात बोलावून जेवू घालायचे असते. वर्षातला बराच पैसा आणि रजा अशा सणांवर आणि पाट साफ करण्याच्या सामुदायिक कामावर जाते. ही गावकी टाळणाऱ्याला गावात मान उरत नाही, आणि बाहेरच्या मालकाला ही रजा समजत नाही.

२०२० च्या साथीत दोन्ही समूहांतला हा फरक उघड्यावर आला. प्वेब्लो गावांनी आपल्या सीमा बंद केल्या, कॅसिनो आणि पर्यटन थांबले आणि गावाच्या तिजोरीचा झराच आटला. पण मदत त्यांना शासन म्हणून मिळाली: २०२० च्या कायद्यात देशातल्या सर्व आदिवासी शासनांसाठी ८ अब्ज डॉलर, जे वाटपाच्या वादात काही काळ अडकले, आणि २०२१ मध्ये आणखी २० अब्ज. इंडोनेशियनांना मिळाले ते माणशी धनादेश, तेही सामाजिक सुरक्षा क्रमांक असलेल्यांना. फिलाडेल्फियाच्या गोदामात कर भरून काम करणाऱ्या, पण तो क्रमांक नसलेल्या माणसाच्या नावाने काहीच आले नाही.