रॉक संगीतातलं हार्पसिकॉर्ड (प्रमुख वाद्य म्हणून)

हार्पसिकॉर्ड हे तारा छेडून वाजणारं युरोपियन पट्ट्यांचं वाद्य. रॉकमध्ये ते १९६४ च्या आसपास ऐकू यायला लागलं, १९६५ ते १९६९ मध्ये त्याची चलती होती आणि नंतर अधूनमधून येत राहिलं. रॉकच्या ज्या रेकॉर्डांवर हे वाद्य आहे त्यांची यादी काढायला बसलं तर पानं भरतील, पण त्यातल्या बहुतेक ठिकाणी ते मागं कुठंतरी नुसतं सजावटीला असतं. इथं विचार केलाय तो गाण्याचा भार जिथं हार्पसिकॉर्ड उचलतं तिथला, म्हणजे सुरुवातीची ओळ, मधला सोलो नाहीतर अख्ख्या गाण्याची चाल. अशी गाणी मोजकीच आहेत, आणि वाद्याची ताकद त्याच गाण्यांत कळते.

रचना आणि त्यातून येणारी अडचण

पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची बारीक फळी वर उचलली जाते, तिला जॅक म्हणतात. जॅकला आडवी नखी बसवलेली असते, ती तारेला छेडून वर जाते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, पण येताना नखी जिच्यात बसवलीय ती छोटी जीभ मागं झुकते आणि नखी तारेला परत न छेडता बाजूनं निसटते, मग जॅकवरचा फेल्टचा तुकडा तारेवर टेकतो आणि सूर थांबतो. नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याची असायची, काही ठिकाणी चामड्याची, आता बरेच कारागीर प्लॅस्टिकची वापरतात. तार टोकाजवळ छेडली तर आवाज नाकातला आणि टोकदार येतो, मध्याकडं छेडली तर गोल येतो, त्यामुळं मोठ्या वाद्यांत एकाच सुराला जॅकच्या दोन-तीन रांगा असतात आणि खटके ओढून त्या चालू-बंद करता येतात. तारांचा एखादा संच एक सप्तक वरच्या सुरात लावलेला असतो, तो जोडला की आवाज एकदम चकाकतो.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, नखी तार छेडते ती जवळपास तेवढ्याच जोरानं. पियानोत हातोडी असते, तिथं बोटाचा जोर तारेपर्यंत पोचतो, इथं पोचत नाही. सुराची आस, म्हणजे सूर रेंगाळणं, पण कमी, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर नाहीच. रॉकमधलं लीड, म्हणजे पुढं राहून चाल सांगणारं, वाद्य म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं गिटार येतं, ते तार ओढतं, सूर ताणून धरतं, लहान-मोठं होतं. यातलं काहीच हार्पसिकॉर्डला जमत नाही. मग ते लीड वाजवतं कसं, तर सूर किती आणि कुठं टाकले यावर, म्हणजे ठेका, खंड आणि दाटी यांच्या जोरावर. ज्यांना हे कळलं त्यांनीच या वाद्याला पुढं आणलं, असं ती गाणी ऐकताना दिसतं.

आधीचा इतिहास

वाद्याचा पहिला लेखी उल्लेख १३९७ चा धरतात, पादुआच्या एका पत्रात हेरमान पोल नावाच्या माणसानं असं वाद्य आपण शोधल्याचा दावा केल्याची नोंद आहे. दावा म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून बरेच अभ्यासक नुसतं 'चौदाव्या शतकाच्या शेवटी' एवढंच म्हणतात आणि तेच सुरक्षित वाटतं. जर्मनीतल्या मिंडेन इथल्या १४२५ च्या वेदीवरच्या कोरीव कामात हे वाद्य दिसतं, आणि १४४० च्या सुमाराला आर्नो द झ्वोलेनं त्याचे आराखडे काढून ठेवलेत. साधारण १७०० मध्ये क्रिस्तोफोरीनं फ्लॉरेन्समध्ये पियानो केला आणि पुढच्या शंभरएक वर्षांत हार्पसिकॉर्ड मागं पडलं. विसाव्या शतकात हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्या वांडा लांडोव्स्का वगैरे मंडळींनी त्याला परत मंचावर आणलं, आणि १९६० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या वोल्फगांग झुकरमाननं घरी जोडायचा स्वस्त किट काढला, त्यामुळं वाद्य राजवाड्यातून आणि म्युझियममधून सुटून साध्या माणसांच्या खोलीत आलं.

पहिलं कोण

यावर भरपूर वाद आहे. नेहमी पहिलं म्हणून नाव घेतलं जातं यार्डबर्ड्सच्या 'फॉर युवर लव्ह'चं. हे मार्च १९६५ मध्ये बाहेर पडलं, हार्पसिकॉर्ड वाजवलं ब्रायन ऑगरनं, आणि त्या दिवशी स्टुडिओत ऑर्गन नव्हता, हार्पसिकॉर्ड होतं, म्हणून ते वाजवलं अशी हकीगत सांगतात. गाण्याची सुरुवातच हार्पसिकॉर्डच्या झोकदार कॉर्डांनी (एकदम दाबलेल्या तीन-चार सुरांनी) होते, तेव्हा ते लीड आहे यात शंका नाही. या गाण्याच्या सुमाराला बँडचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन बँड सोडून गेला, त्याला ब्लूज वाजवायचं होतं आणि हे वळण त्याला पटलं नाही, त्यामुळंही या रेकॉर्डची चर्चा जास्त होते.

पण त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारी १९६५ च्या शेवटी रोलिंग स्टोन्सचं 'प्ले विथ फायर' आलं होतं, 'द लास्ट टाइम'च्या मागच्या बाजूला, रेकॉर्डिंग सुरू झालं जानेवारीत लॉस एंजेलिसला, हार्पसिकॉर्डवर जॅक नित्शे. म्हणजे नुसती बाहेर पडायची तारीख बघितली तर स्टोन्स पुढं आहेत, पण ती बी साइड होती आणि वाद्य तिथं गाण्याच्या मागं संथ चालतं. आणखी मागं गेलं तर ऑगस्ट १९६४ मधलं बीच बॉइजचं 'व्हेन आय ग्रो अप' आहे, त्यात ब्रायन विल्सननं हार्पसिकॉर्ड वाजवलंय. त्याच्याही मागं जायचं तर १९५१ चं रोझमेरी क्लूनीचं 'कम ऑन अ माय हाउस' आहे, त्यात स्टॅन फ्रीमनचं हार्पसिकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत उड्या मारतं. आणि १९४० मध्ये आर्टी शॉच्या ग्रॅमर्सी फाइव्ह या जॅझ संचात जॉनी ग्वार्निएरी हेच वाद्य वाजवत होता. पण क्लूनीला रॉक म्हणता येत नाही आणि शॉ तर सरळ स्विंग. सप्टेंबर १९६४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'द ॲडम्स फॅमिली' सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या धूनमध्ये हार्पसिकॉर्ड आहे, आणि लाखो घरांतल्या पोरांच्या कानाला हा आवाज त्यामुळं ओळखीचा झाला असणार, हे फारसं कोणी मोजत नाही पण मोजायला पाहिजे.

सगळं बघता वापराचा मान बीच बॉइजला आणि लीड वाद्य म्हणून पुढं येण्याचा मान 'फॉर युवर लव्ह'ला, अशी वाटणी बरी वाटते.

जे हार्पसिकॉर्ड नाही ते

या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. बीटल्सच्या 'इन माय लाइफ'मधला मधला सोलो (१९६५) हार्पसिकॉर्ड म्हणून सर्रास सांगितला जातो, पण तो पियानो आहे. बीटल्सच्या रेकॉर्डांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं टेप अर्ध्या वेगावर चालवून एक सप्तक खाली वाजवला आणि मग टेप पूर्ण वेगानं सोडली, त्यामुळं सूर वर गेले, सुरांची शेपटी तुटली आणि आवाज छेडल्यासारखा झाला. झॉम्बीजच्या 'शी इज नॉट देअर'मध्ये होनर कंपनीचा पियानेट आहे, त्यात तारा नसतात, धातूच्या पट्ट्या थरथरतात. स्टीव्ही वंडरच्या 'सुपरस्टिशन'मध्ये (१९७२) क्लॅव्हिनेट आहे, त्यात तारा असतात पण त्या छेडल्या जात नाहीत, वरून दाबून खालच्या कडेवर आपटल्या जातात, मूळ कल्पना क्लॅव्हिकॉर्ड या जुन्या, हळू आवाजाच्या पट्ट्यांच्या वाद्याची. आणि ज्या पियानोच्या हातोड्यांवर टाचण्या ठोकलेल्या असतात त्याचा आवाज तर हमखास फसवतो, बीच बॉइजच्या रेकॉर्डांत असा पियानो आणि खरं हार्पसिकॉर्ड दोन्ही असल्यानं तिथं जपून बोलावं. ओळखायची साधी खूण म्हणजे सूर सुटताना नीट ऐकायचं, खऱ्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी सुटताना नखी परत तारेला घासते त्याचा बारीकसा आवाज येतो, आणि एका ओळीतले सगळे सूर सारख्याच जोराचे असतात.

बीटल्सचं खरं हार्पसिकॉर्ड 'फिक्सिंग अ होल'मध्ये (१९६७) आहे, आणि ते कोणी वाजवलं यावर अजून एकमत नाही. काही जण बीटल्समध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या मॅकार्टनीचं नाव घेतात, काही मार्टिनचं. हार्पसिकॉर्ड आणि बेस एकाच वेळी रेकॉर्ड झाले असं धरलं तर जो हार्पसिकॉर्डवर बसला त्याच्या हातात बेस नव्हता, मग मॅकार्टनी हार्पसिकॉर्डवर असेल तर बेस दुसऱ्या कोणाचा हा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न टाळायचा तर मार्टिन जास्त सोयीचा पडतो. सोयीचा म्हणजे खरा असं नाही. 'पिगीज'मध्ये (१९६८) मात्र वाद नाही, ते ख्रिस थॉमसनं वाजवलंय.

जिथं ते खरंच पुढं आहे

१९६६ मध्ये लेफ्ट बँकचं 'वॉक अवे रेने' आलं, मायकेल ब्राउन तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता आणि हार्पसिकॉर्ड त्याचंच. इथून 'बरोक रॉक', 'बरोक पॉप' ही नावं चिकटली. सोलो बासरीचा आहे हे खरं, पण गाण्याची चौकट हार्पसिकॉर्डची.

डोअर्सच्या 'लव्ह मी टू टाइम्स'मध्ये (१९६७) रे मांझारेकनं ब्लूजच्या चालीवर हार्पसिकॉर्डचा सोलो घेतलाय. ब्लूजमध्ये सूर वाकवणं हाच जीव, आणि या वाद्यात सूर वाकत नाही, तरी त्यानं सूर वाकवायच्या जागी शेजारचे दोन सूर एकदम ठोकून आणि कॉर्ड तुकड्या-तुकड्यात तोडून काम भागवलंय. त्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सनं 'बर्निंग ऑफ द मिडनाइट लॅम्प'मध्ये स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवून त्याच ओळीवर वा-वा पेडलची (पायानं दाबून आवाज 'वा-वा' करणारी) गिटार चढवली. एक आवाज दगडासारखा स्थिर आणि दुसरा सतत तोंड उघडझाप करणारा, दोन्ही एकाच चालीवर. गिटारवाल्यानं हार्पसिकॉर्डची कमतरता गिटारनंच भरून काढली, हा विचार फार मोठा आहे आणि पुढं कोणी तो नेटानं चालवला नाही याचं वाईट वाटतं.

सगळ्यात ठळक उदाहरण स्ट्रँगलर्सचं 'गोल्डन ब्राउन', अल्बम १९८१ चा, सिंगल जानेवारी १९८२ मध्ये, ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. डेव्ह ग्रीनफील्डची हार्पसिकॉर्डची ओळ काढून टाकली तर गाणंच उरत नाही. गायची कडवी तीनच्या ठेक्यात आहेत, पण मधली वाद्याची ओळ तीन-तीन-तीन-चार अशी चालते, म्हणजे १३ मात्रांचं आवर्तन. टाळी देत मोजून बघा, चौथ्या गटात एक मात्रा जास्त येते आणि पाय अडखळतो, पण हार्पसिकॉर्ड अडखळत नाही, कारण त्याचा प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा असल्यानं सम कुठं आहे ते वाद्य जोरानं सांगतच नाही. हीच ओळ पियानोवर वाजवली तर हात आपोआप पहिल्या मात्रेवर जोर देईल आणि तरंगण्याची मजा जाईल. या वाद्याचा दोष समजला जाणारा गुण इथं पूर्णपणे कामाला लावलाय.

टोरी एमसचा 'बॉइज फॉर पेले' (१९९६) हा अख्खा अल्बमच या दृष्टीनं महत्त्वाचा. रेकॉर्डिंगचा मोठा भाग आयर्लंडमधल्या डेलगनीच्या चर्चमध्ये झाला, आणि पियानो, क्लॅव्हिकॉर्ड, हार्मोनियम यांच्याबरोबर हार्पसिकॉर्ड आहे, तेही 'ब्लड रोझेस'सारख्या गाण्यांत रागानं, आपटून वाजवलेलं. तिनं हे वाद्य दौऱ्यावर नेलं आणि पियानोबरोबर मांडून दोन्ही वाजवलं. नंतरच्या काळात जोआना न्यूसमचं 'पीच, प्लम, पेअर' (२००४) आहे.

मंच आणि विजेचं हार्पसिकॉर्ड

स्टुडिओत माइक जवळ लावला की काम होतं, मंचावर होत नाही. ड्रमपुढं हार्पसिकॉर्ड ऐकूच येत नाही, माइक वाढवला तर सगळ्या बँडचा आवाज त्याच माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. त्यात लाकडाचा पातळ साउंडबोर्ड हवेतल्या ओलीनं फुगतो आणि वाद्य उतरतं, कोल्हापूरच्या जुलैमध्ये तर रोज सुरात लावायला लागेल. यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीनं विजेचं हार्पसिकॉर्ड काढलं, त्यात खरे जॅक, खऱ्या तारा, पण आवाज गिटारसारखा पिकअपमधून, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून. बीटल्सच्या 'बिकॉज'ची (१९६९) सुरुवात याच वाद्यावर आहे, वाजवणारा जॉर्ज मार्टिन.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला बेंजोइतकं जवळचं काही नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो म्हणजे खटक्यांनी तार दाबायची आणि नखीनं छेडायची, मूळ आवाज घरातल्या खोलीपुरता, पण पिकअप लावून कर्ण्यात सोडला की ताशा-ढोलाच्या वर चढून चाल तोच सांगतो. बाल्डविननं नेमकं हेच केलं, फरक इतकाच की बेंजोवाल्याच्या उजव्या हातात छेडायचा जोर असतो आणि हार्पसिकॉर्डमध्ये ते काम जॅकवर सोडलेलं असतं.

कोल्हापूर आणि आसपास

खरं वाद्य बघायला मिळणं इकडं अवघड, पण आवाज परका नाही. १९९१ मध्ये कीबोर्डमधल्या आवाजांना ठरावीक नंबर देणारं जनरल मिडी हे प्रमाण ठरलं आणि त्यात हार्पसिकॉर्डला सातवा नंबर मिळाला, त्यामुळं ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या स्टेजवर जे कॅसिओ-यामाहा कीबोर्ड असतात त्यातल्या बहुतेकांत हा टोन असतोच.

आणखी एक धागा पाचगणीचा, कोल्हापूरहून पुण्याला जाताना साताऱ्याच्या पुढं वाईवरून वर गेलं की लागते ती. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत होता, तिथं पियानोही शिकला आणि शाळेतल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये वाजवायचा. पुढं क्वीनच्या दुसऱ्या अल्बमात, १९७४ मध्ये, 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' या गाण्यात त्यानं स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवलं, आणि ते मागं लपवलेलं नाही, गाण्याच्या तोंडालाच धावत येतं.

कीबोर्डवर हा टोन लावून वाजवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब. बऱ्याच कीबोर्डमध्ये बोटाच्या जोराप्रमाणं आवाज कमी-जास्त होतो, ती सोय हार्पसिकॉर्डच्या टोनलाही लागू राहिली तर तो खोटा वाटतो. सेटिंगमध्ये टच रिस्पॉन्स बंद करायचा, सस्टेन पेडलवरून पाय काढायचा, आणि जोर दाखवायचा असेल तिथं खालच्या सप्तकातला तोच सूर जोडून द्यायचा.