जो खाली, तो भारी

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते. मधल्या पाच धिप्पाड गड्यांचा निकाल तो एका वाक्यात लावतो: ‘यांना काय, नुसतं आडवं यायचं!’ या पाच जणांना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याला, वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गुण नाहीत. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं म्हणून संघाला दहा यार्डांचा दंड बसला, की तेव्हाच काय तो त्यांच्या जर्सीचा नंबर पुकारला जातो.

पण आडवं येणं म्हणजे पदार्थविज्ञान आहे, आणि त्यातला मुख्य मुद्दा वजन नाही, अंग जमिनीपासून किती उंचीवर ठेवता हा आहे.

गडी 140 किलोचा धरू. त्याचं वजन सुमारे 1,370 न्यूटन. तो ताठ उभा आहे, गुरुत्वमध्यातून जाणारी रेषा टाचांच्या 20 सेंटीमीटर पुढे पडते आणि समोरच्याने छातीवर, जमिनीपासून 130 सेंटीमीटरवर, रेटा दिला. उलथायला किती बल लागेल? 1,370 गुणिले 20, भागिले 130. म्हणजे 210 न्यूटन, जेमतेम 21 किलो वजनाइतकं! आता त्याला गुडघ्यात वाकवा आणि एक पाय मागे घ्यायला लावा. मागचा आधार 50 सेंटीमीटरवर गेला, रेटा 90 सेंटीमीटरवर आला. आता 760 न्यूटन लागतात. माणूस तोच, टिकाव साडेतीनपट. (हा हिशेब पाय रोवलेल्या माणसाचा. खऱ्या खेळात पावलं सतत हलतात.)

दुसरा फायदा घर्षणाचा. खाली असलेला गडी समोरच्याला सरळ न ढकलता तिरकं, वर ढकलतो. 800 न्यूटनचा रेटा 30 अंश वर असेल, तर त्यातले 400 न्यूटन समोरच्याला उचलतात. तो 130 किलोचा असेल तर त्याच्या बुटांवरचा 1,275 न्यूटनचा भार 875 वर येतो. बुटांचे खिळे तेवढेच सैल रुततात, पाय सरकू लागतो. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेच 400 न्यूटन ढकलणाऱ्याच्या पायांवर वाढतात. एकाची पकड दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, म्हणा ना. म्हणून हात आतल्या बाजूने, छातीच्या पॅडखाली लावायचे आणि कोपरं बरगड्यांजवळ ठेवायची. कोपरं फाकली की रेटा तिरका वर जात नाही आणि धरल्याचा दंडही ओढवतो.

नवशिक्या कुठे चुकतो? तो गुडघ्यातून न वाकता कमरेतून वाकतो. गुरुत्वमध्य बोटांच्या पुढे जातो, समोरचा बाजूला होऊन नुसता खेचतो आणि गडी तोंडावर पडतो.

वजन लागतंच, पण सावकाश. 18 वर्षांचा मुलगा कॉलेजच्या संघात 115 किलोने येतो आणि त्याला 20 किलो वाढवायचे असतात. आठवड्याला अर्धा किलो धरला तर चाळीस आठवडे, म्हणजे रोज गरजेपेक्षा साधारण 500 कॅलरी जास्त. म्हणूनच बरेच लाइनमन पहिलं वर्ष ‘रेडशर्ट’ म्हणून काढतात: सराव पूर्ण, सामने जवळजवळ नाहीत, आणि कॉलेजकडून खेळायच्या ठरावीक मोसमांतला एक शिल्लक. 2018 मध्ये नियम बदलला आणि चार सामन्यांपर्यंत खेळूनही ही सवलत टिकू लागली. घाई केली तर पोट वाढतं, पाय मंदावतात, रक्तदाब आणि झोपेतल्या घोरण्याचे प्रश्न सुरू होतात. महिन्यात दहा किलो देणाऱ्या डब्यांच्या जाहिराती या मुलांनाही सोडत नाहीत. डब्यात मुख्यतः कर्बोदकं आणि दुधातली प्रथिनं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जो थॉमस या टॅकलने 2006 मध्ये आउटलँड ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनमनचा मान, मिळवली. पुढे क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाकडून तो सलग 10,363 डाव एकही न चुकवता खेळला. 2017 मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हा साखळी तुटली. निवृत्तीनंतर त्याने वजन झपाट्याने उतरवलं. सराव थांबला आणि ताट तेवढंच राहिलं, तर रोजच्या जास्तीच्या कॅलरी चरबीच होतात.